तीन शर्यतींची एक शर्यत

मल्लाचा कस आखाड्यांत लागतो, धांवणाराचा रस्त्यावर आणि पोहणाराचा पाण्यांत. प्रत्येक विद्येचा तराजू निराळा. म्हणून या साऱ्यांत अधिक समर्थ कोण, हा प्रश्न कोणत्याहि एका तराजूनें सुटण्याजोगा नाहीं. तथापि न सुटणारे प्रश्नच मनुष्याला अधिक प्रिय असतात. पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांवर १९७७ सालीं असाच एक वाद उपस्थित झाला. चार लोक जमले म्हणजे होणाऱ्या इतर वादांप्रमाणें मंडळी पांगतांच तो विरून गेला असता, तर त्याची कोणी आठवणहि ठेवली नसती. परंतु वाद करणारांपैकीं एकानें तो शब्दांनीं न सोडवितां शरीरानें सोडवावा असें ठरविलें; आणि त्यांतून आज जगभर खेळल्या जाणाऱ्या एका कठीण शर्यतीला तिचें प्रसिद्ध रूप मिळालें. प्रथम समुद्रांत पोहावयाचें, पाण्यांतून बाहेर पडतांच सायकलीवर बसावयाचें आणि सायकल टाकतांच धांवूं लागावयाचें, अशी ही तीन शर्यतींची एक शर्यत. इंग्रजींत तिला ट्रायथ्लॉन म्हणतात. ग्रीक भाषेंतील ‘तीन’ आणि ‘स्पर्धा’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून हें नांव बनलेलें आहे.

कल्पना मात्र अगदींच नवी नव्हती. धांवणें, सायकल आणि पोहणें यांची एकत्र चढाओढ फ्रान्समध्यें १९२० च्या सुमारास होत असे, आणि तेथें तिला ‘तीन खेळ’ एवढ्याच साध्या नांवानें ओळखीत. पण ती प्रथा त्या देशाबाहेर रुजली नाहीं. आजच्या शर्यतीची खरी वंशावळ सुरू होते ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन दिएगो या शहरांत. तेथें डेव्हिड पेन नांवाच्या वकिलानें १९७२ सालीं आपला ५० वा वाढदिवस मोठ्या विलक्षण रीतीनें साजरा केला. मेजवानीऐवजीं त्यानें आपल्या मित्रांना आधीं धांवावयास आणि मग पाण्यांत पोहावयास बोलाविलें! ही दुहेरी शर्यत पुढील वर्षींहि झाली. तींत भाग घेणाऱ्या जॅक जॉन्स्टन या गृहस्थाला वाटलें कीं, पोहण्याचा वांटा आणखी मोठा असावयास हवा होता. त्याच सुमारास डॉन शॅनहॅन याच्या मनांत सायकलीची कल्पना घोळत होती. दोघांनीं मिळून सॅन दिएगो ट्रॅक क्लबच्या आश्रयाखालीं २५ सप्टेंबर १९७४ रोजीं मिशन बे या खाडीच्या कांठीं पहिली ट्रायथ्लॉन शर्यत भरविली.

बक्षिसाचे चषक तयार करणाऱ्या कारागिरानें जॉन्स्टनला विचारलें कीं, या शब्दाचीं अक्षरें कशीं लिहावयाचीं? जॉन्स्टननें शब्दकोश चाळले. त्यांत तो शब्दच नव्हता. तेव्हां त्यानें जीं अक्षरें सांगितलीं तींच कायम झालीं. शर्यतीला ४६ माणसें आलीं. धांव सारी मिळून सुमारे ६ मैल, सायकल ५ मैल आणि पोहणें ५०० यार्ड. क्रम आजच्या उलट होता. आधीं धांव, मग सायकल आणि शेवटीं आळीपाळीनें पोहणें व धांवणें. शर्यत सायंकाळची असल्यामुळें मागें राहिलेल्या स्पर्धकांना पाण्यांतच अंधारानें गांठलें. आणि त्यांना किनारा दिसावा म्हणून मोटारी पाण्याकडे तोंड करून उभ्या कराव्या लागल्या व त्यांचे दिवे लावावे लागले. या ४६ जणांत अमेरिकी आरमारांतील अधिकारी जॉन कॉलिन्स हेहि होते. त्यांचें कुटुंबहि त्या दिवशीं शर्यतींत उतरलें होतें. पुढें थोड्याच वर्षांत कॉलिन्स यांची बदली हवाई बेटांत झाली, आणि मिशन बेचें बीज त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेलें.

बीजाला भूमीहि योग्य मिळाली. हवाई बेटांतील लोकांचें समुद्राशीं नातें फार जुनें. कॅप्टन कुकचीं जहाजें १७७८ सालीं प्रथम तेथें पोहोंचलीं, तेव्हां लाटांवर फळी टाकून लीलेनें किनाऱ्याकडे येणारे बायका-पुरुष पाहून गोरे खलाशी थक्क झाले होते. १८२० नंतर आलेल्या धर्मप्रसारकांना हे जलविहार फारसे रुचले नाहींत आणि ती विद्या मागें पडली. परंतु ती नाहींशी झाली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं वायकिकीच्या किनाऱ्यावर तिचें पुनरुज्जीवन झालें, आणि त्या किनाऱ्यानेंच जगाला ड्यूक कहानामोकू दिला. १९११ सालीं होनोलुलूच्या बंदरांत त्यानें १०० यार्ड अंतर तत्कालीन उच्चांकापेक्षां चार सेकंदांहून अधिक लौकर कापलें. मुख्य भूमीवरील अधिकाऱ्यांनीं ती नोंद मान्य करण्याचें नाकारलें. घड्याळें चुकलीं असतील, प्रवाहाचें साहाय्य झालें असेल, असे संशय काढण्यांत आले. ड्यूकनें उत्तर दिलें तें पुढल्याच वर्षीं, स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळवून. समुद्रावर मोजलेला पराक्रम तलावाच्या काठावर बसलेल्यांना खरा वाटत नाहीं, हा अनुभव हवाईला अशा रीतीनें फार पूर्वींच आलेला होता.

१९७० पासून वायकिकीच्या खवळत्या पाण्यांत दरवर्षीं पोहण्याची शर्यत होऊं लागली. तिचें अंतर पुढें २.४ मैल ठरलें. १९७३ पासून होनोलुलूची मॅरेथॉन सुरू झाली. ओआहू बेटाला वळसा घालणारी ११५ मैलांची सायकल-शर्यतहि होती. पण ती दोन दिवसांची. तेव्हां या तिन्ही शर्यती आधींपासूनच वेगळाल्या नांदत होत्या. १९७७ सालीं ओआहूभोंवतालच्या सांघिक धांव-शर्यतीचा बक्षीस-समारंभ चालला असतां पट्टीचे धांवणारे आणि पट्टीचे पोहणारे यांत जुनाच वाद निघाला: अधिक दमदार कोण? कॉलिन्स यांनीं त्यांत तिसराच पक्ष उभा केला. एका क्रीडाविषयक साप्ताहिकाचा हवाला देऊन त्यांनीं सांगितलें कीं, बेल्जियमचा सायकलपटु एडी मर्क्स याच्या शरीराची प्राणवायु घेण्याची शक्ति आजवर मोजलेल्या साऱ्या खेळाडूंत अधिक ठरली आहे; तेव्हां मान सायकलवाल्यांचाच असला पाहिजे. मग तिन्ही पक्षांचें पाणी एकाच दिवशीं जोखावें, असा विचार त्यांच्या मनांत आला. सायकलीच्या मार्गांतून तीन मैल कमी केले आणि बेटाचा वळसा उलट दिशेनें घातला, तर पोहणें संपतें तेथें सायकल सुरू होते आणि सायकल संपते ती मॅरेथॉनच्या आरंभस्थानीं, अलोहा टॉवरपाशीं, हें त्यांनीं हिशोबानें जुळविलें. पोहणें २.४ मैल, सायकल ११२ मैल, धांव २६.२ मैल. जो प्रथम येईल त्याला आयर्नमॅन, म्हणजे लोहपुरुष म्हणावयाचें, असें त्यांनीं थट्टेच्या सुरांत जाहीर केलें, आणि तें नांव कायमचें चिकटलें.

या जुळणींत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. मिशन बेला पाणी शेवटीं होतें. हवाईंत तें पहिलें आलें, आणि पुढें जगभर तोच क्रम रूढ झाला. जागेची सोय हें त्याचें एक कारण झालें. परंतु त्यामागें दुसरें, अधिक खोल कारणहि सांपडतें. थकलेला धांवणारा रस्त्याच्या कडेला बसतो. थकलेला सायकलस्वार खालीं उतरतो. थकलेल्या पोहणाराला बसावयास जागा नसते. शरीर ताजें असतांनाच समुद्राचें देणें देऊन मोकळें व्हावें, यांतच शहाणपण आहे.

शिवाय समुद्राचें देणें थोडें नसतें. तलावांत पोहणाराला तळाशीं आंखलेली रेघ दिसते, बाजूला दोरी असते आणि दर फेरीला पायानें रेटा द्यावयास भिंत मिळते. समुद्रांत यांतलें कांहींच नाहीं. तेथें कांहीं हातांनंतर डोकें वर काढून दूरची खूण शोधावी लागते, आणि नेमकी त्याच क्षणीं लाट आडवी आली तर खूणहि दिसत नाहीं आणि श्वासहि हुकतो. प्रवाह बाजूनें ओढतो; सरळ पोहतों असें वाटत असतां अंतर वाढत जातें. खारें पाणी शरीर उचलून धरतें हें खरें, पण तेंच घशांत गेलें कीं मळमळ सुरू होते. त्यांत शेंकडों माणसें एकदम पाण्यांत शिरलीं म्हणजे शेजाऱ्याची लाथ आणि कोपर यांचा प्रसाद निराळाच. तासभर पालथें राहिलेलें शरीर वाळूवर एकाएकीं उभें राहतें, तेव्हां कित्येकांना भोंवळ येते. आणि त्याच स्थितींत सायकल गांठावयाची असते. पुढें सायकलीवरून उतरतांना पाय लांकडासारखे झालेले असतात, कारण तासन्‌तास एकाच रीतीनें फिरलेल्या स्नायूंना आतां निराळ्याच रीतीनें चालावयाचें असतें. शरीरांतील सांठविलेली साखर तोंवर सरत आलेली असते. ती वाटेंत खाऊनपिऊन भरून काढली नाहीं, तर इच्छा कितीहि बळकट असो, पाय हुकूम मानीत नाहींत.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजीं वायकिकीच्या वाळूवर १५ पुरुष उभे राहिले. प्रेक्षक म्हणजे त्यांचेच आप्तमित्र. अन्नपाण्याची व्यवस्था ज्यानें त्यानें आपली आपण करावयाची. म्हणून प्रत्येकाच्या मागें त्याची मदतनीस मंडळी असे. जॉन डनबार आणि गॉर्डन हॅलर हे दोघे प्रमुख प्रतिस्पर्धी, दोघेहि आरमारी नोकरीशीं संबंध असलेले. पाण्यांत डनबारनें हॅलरला सुमारे २० मिनिटांनीं मागें टाकलें. सायकलीवर हॅलरनें कांहीं अंतर भरून काढलें. तरी मॅरेथॉन सुरू झाली तेव्हां डनबारच पुढें होता. शेवटच्या टप्प्यांत हॅलरचे धांवण्यांत मुरलेले पाय कामीं आले. इकडे डनबारच्या मदतनिसांजवळील पाणी संपलें, आणि त्यांनीं पाण्याऐवजीं त्याला बिअर पाजली! हॅलर ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत पोहोंचला. डनबार त्याच्यामागून सुमारे ३३ मिनिटांनीं. १५ पैकीं १२ जणांनीं शर्यत पुरी केली. स्वतः कॉलिन्स रात्र चढल्यावर, सुमारे १७ तासांनीं आले. शर्यत पुरी करणारांना दिलेलीं स्मृतिचिन्हें त्यांनीं स्वतःच्या हातांनीं घडविलीं होतीं.

दुसऱ्या वर्षीं समुद्रानें आपला अधिकार दाखविला. १९७९ च्या जानेवारींत वादळी हवेमुळें शर्यत एक दिवस पुढें ढकलावी लागली, आणि दुसऱ्या दिवशींहि पाणी शांत नव्हतें. पुन्हां १५ जणच निघाले. सॅन दिएगोंत मद्यगृह चालविणारा टॉम वॉरन पहिला आला; आणि बोस्टनकडील सायकलपटु लिन लमेअर ही या शर्यतींत उतरलेली पहिली स्त्री एकंदर स्पर्धकांत पांचवी आली. योगायोगानें त्या वेळीं बॅरी मॅकडरमॉट नांवाचा एक पत्रकार गोल्फच्या सामन्यांसाठीं हवाईंत आलेला होता. त्यानें या वेड्या साहसाविषयीं एका प्रख्यात क्रीडा-साप्ताहिकांत १० पानांचा लेख लिहिला. १९८० सालीं स्पर्धकांची संख्या १०८ वर गेली आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले. त्या वर्षींहि समुद्र खवळलेला होता. म्हणून पोहणें अला मोआना येथील आडोशाच्या पाण्यांत हलवावें लागलें. पोहण्याचा शिक्षक असलेला डेव्ह स्कॉट ९ तास २४ मिनिटें ३३ सेकंदांत जिंकला. दोन वर्षांपूर्वींच्या वेळेंतून दोन तासांहून अधिक काल गळाला होता.

कॉलिन्स यांची पुन्हां बदली झाली होती. शर्यतीची सूत्रें पुढें व्हॅलरी सिल्क या बाईंच्या हातीं आलीं, आणि त्यांनीं १९८१ सालीं ती ओआहू बेटावरील रहदारींतून हलवून मोठ्या हवाई बेटावरील कोना येथें नेली. कोनाचा समुद्र उबदार आणि स्वच्छ. पण किनाऱ्यापलीकडे मैलचे मैल लाव्हाचे काळेठिक्कर खडक, वर ऊन आणि समोरून वारा. त्या वर्षींचा विजेता जॉन हॉवर्ड हा ऑलिंपिकमध्यें उतरलेला सायकलपटु. पण लोकांच्या ध्यानांत राहिला तो वॉल्ट स्टॅक हा ७३ वर्षांचा वृद्ध. त्याला २६ तास २० मिनिटें लागलीं. सूर्य मावळला, पुन्हां उगवला, आणि म्हातारा चालतच होता. पुढें शर्यतीला १७ तासांची मर्यादा घालण्यांत आली. त्यामुळें स्टॅकचा हा उलटा उच्चांक आतां कोणी मोडूं शकणार नाहीं.

या शर्यतीचा अर्थ ज्या एका प्रसंगानें बदलला, तो मात्र फेब्रुवारी १९८२ मधील. ज्यूली मॉस ही २३ वर्षांची विद्यार्थिनी शरीरव्यायामशास्त्रांतील आपल्या प्रबंधासाठीं शर्यतींत उतरली होती. जिंकण्याची तिला अपेक्षाहि नव्हती. आणि तरी शेवटच्या मैलांत ती साऱ्या स्त्रियांच्या पुढें होती. तेथें तिच्या शरीरांतील सारा सांठा संपला. ती पडली, उठली, पुन्हां पडली. कोणी हात दिला तर ती बाद ठरली असती. म्हणून भोंवतीं जमलेल्या लोकांना केवळ पाहत राहावें लागलें. शेवटची रेषा कांहीं पावलांवर असतां ती पुन्हां कोसळली, आणि तेवढ्यांत कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूनें पुढें निघून गेली. मग मॉस हातापायांवर रांगत गेली आणि तिनें रेषेवर हात टेकला. दोघींत अंतर होतें तें २९ सेकंदांचें. तें दृश्य दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोंचलें. ज्यांनीं तें पाहिलें त्यांच्या स्मरणांत पहिलीपेक्षां दुसरीच अधिक राहिली.

त्यानंतर या खेळाला दोन वाटा फुटल्या. एक वाट नियमबद्ध आणि वेगवान शर्यतीची. १.५ किलोमीटर पोहणें, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धांव हें प्रमाण ठरलें. १९८९ सालीं फ्रान्समधील आव्हिन्यों येथें आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. आणि २००० सालीं सिडनीच्या बंदरांत, प्रसिद्ध ऑपेरा हाउसच्या पायथ्याशीं, हा खेळ ऑलिंपिकमध्यें प्रथम दाखल झाला. स्वित्झर्लंडची ब्रिजिट मॅकमहॉन आणि कॅनडाचा सायमन व्हिटफील्ड हे तेथील पहिले विजेते. दुसरी वाट लांब पल्ल्याची. तींत जिंकण्यासाठीं थोडे उतरतात, आणि पुरी करण्यासाठीं हजारों. दोन्ही वाटांवर पाण्याचा अधिकार मात्र अबाधित राहिला. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ३० जुलै २०२४ रोजीं ठरलेली पुरुषांची शर्यत सेन नदीचें पाणी दूषित आढळल्यामुळें दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली. १९७९ सालीं लाटेनें जें केलें तें ४५ वर्षांनीं मैल्यानें केलें. आणि या वेळचा दोष समुद्राकडे नव्हता, मनुष्याकडे होता.

पाण्याचा धाक हा केवळ कविकल्पनेंतला नाहीं. अमेरिकेंत २००६ ते २००८ या कालांतील अशा शर्यतींत झालेल्या मृत्यूंचा वैद्यांनीं अभ्यास केला, तेव्हां १४ पैकीं १३ मृत्यु पोहण्याच्या टप्प्यांत घडल्याचें आढळलें. पाणी पहिलें ठेवण्यांत शहाणपण आहे तें एवढ्यासाठींच. आणि तेवढ्यानें भागत नाहीं, हेंहि त्याच आंकड्यांवरून दिसतें. स्पर्धकांना लहान तुकड्यांनीं पाण्यांत सोडणें, होड्या आणि जीवरक्षक जागोजाग ठेवणें, आणि समुद्र खवळला असतां पोहणें रद्द करण्याचें धैर्य दाखविणें, हीं आयोजकांचीं कर्तव्यें होत. हौशी तरुणानें तलावांत शंभर फेऱ्या मारल्या म्हणून समुद्र त्याला ओळखत नाहीं.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रांत पोहण्याची परंपरा नवी नाहीं. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हें लांबचें अंतर मुंबईकडील पोहणारांनीं कितीदां तरी कापलें आहे, आणि मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात. आयर्नमॅन शर्यतीचें पाऊल २० ऑक्टोबर २०१९ रोजीं गोव्यांत पडलें. मांडवी जेथें समुद्राला मिळते त्या पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅनची अर्धी शर्यत झाली: १.९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धांव. भारतीय सैन्यांतील बिश्वोर्जित सैखोम तींत पहिला आला. महासाथीमुळें पुढील दोन वर्षें खंड पडला, आणि २०२२ सालीं ती पुन्हां सुरू झाली.

आतां मूळ वादाचें काय झालें, तें पाहणें उरलें. १९७८ सालीं धांवण्याच्या बळावर हॅलर जिंकला. तेव्हां धांवणारांनीं मिशांना पीळ भरला असेल. १९८० सालीं पोहण्याचा शिक्षक जिंकला आणि १९८१ सालीं सायकलपटु. मध्यें १९७९ सालीं तर मद्यगृहाचा मालकच साऱ्यांच्या पुढें गेला! म्हणजे चार वर्षांत तिन्ही पक्षांना आपापला पुरावा मिळाला आणि निकाल लागला नाहीं तो नाहींच. जो प्रश्न सोडविण्यासाठीं शर्यत जन्मली, तो तिच्या जन्माबरोबरच मागें पडला. आज पहांटेच्या अंधारांत वाळूवर उभा राहणारा कारकून, शिक्षिका किंवा वैद्य धांवणारा मोठा कीं पोहणारा मोठा, हें विचारीत नाहीं. समोरचें काळें पाणी, त्यापलीकडचा रस्ता आणि त्यापलीकडची संध्याकाळ आपल्याला ओलांडतां येईल कीं नाहीं, एवढेंच तो स्वतःला विचारतो. या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या कोणी देऊन चालत नाहीं, आणि कालचें उत्तर आज पुरत नाहीं. म्हणूनच त्या समारंभांतील हवाईकर मंडळींचा वाद अनिर्णीत राहिला, तरी त्यांतून निघालेली शर्यत टिकून राहिली.